बावन्न डबे, अकरा बरण्या

बावन्न डब्यांच्या मी दोन दिवसांत अकरा बरण्या केल्या, आणि त्याबद्दल कुणीतरी मला शाबासकी देईल असं मला मनापासून वाटत होतं. अशा गोष्टी सांगताना 'आता आठवलं की हसू येतं' असं म्हणायची पद्धत आहे. मला येत नाही. तुम्हाला आलं तर माझी हरकत नाही, आमच्या घरात सगळे हसून घेतातच.

डबे ताईचे. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. नाट्यगृहाच्या मागच्या अंगाला, जिथे जुने रंगवलेले पडदे टेकवून ठेवतात, तिथे तिची एक खोली आहे. त्या खोलीत बसून तिनं चाळीस वर्षं राजे, राण्या, सरदार, जादूगार आणि एकदा एक अख्खा मोर शिवला. लग्न केलं नाही. "दिवसभर लोकांचे शेले शिवते, आणखी कुणाची बटणं लावत बसू?" असं म्हणायची. म्हणायची, कारण पाच महिन्यांपूर्वी एका सकाळी तिच्या डोक्यातली कुठलीशी रक्तवाहिनी तुंबली आणि उजव्या हाताबरोबर तिचे सगळे शब्दही गेले. एकच उरला. "बरं."

ताई, चहा हवा का? बरं. खिडकी लावू? बरं. सांगितलेलं कळतंय ना तुला? यावर तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तो प्रश्न विचारला नाही. तिला सगळं कळत होतं, फक्त बाहेर येताना 'बरं' होऊन येत होतं. आमची ही म्हणते की वन्संच्या 'बरं'चे नऊ प्रकार आहेत. मला दोनच ओळखता येतात, एक होकाराचं आणि एक माझ्यासाठी राखून ठेवलेलं.

डॉक्टर म्हणाले, "शब्द आले तर त्यांच्या कामातूनच येतील. त्यांच्या वस्तू त्यांच्या हाताशी राहू द्या." यातलं 'आले तर' त्यांनी टेबलावरच्या कागदाकडे बघत म्हटलं.

आणि नेमकी तेव्हाच नोटीस आली. नाट्यगृहाच्या आवारात ज्यांच्या खोल्या आहेत त्यांनी आपल्याकडच्या सजावटीच्या सामानाची यादी, प्रत्येक वस्तूचं नाव, प्रमाण आणि 'ज्वलनशील आहे किंवा कसे' यासह अग्निशमन कार्यालयात महिनाअखेरपर्यंत द्यावी. मग तपासणी होईल. यादी नसेल तर खोली रिकामी करून घेतली जाईल. ताईची खोली गेली असती तर तिच्यापाशी आमच्या बाहेरच्या खोलीतला पलंग आणि एक 'बरं' एवढंच उरलं असतं. डॉक्टरांचं 'आले तर'सुद्धा त्या खोलीबरोबर गेलं असतं.

पण मी घाबरलो नाही. यादी! अहो, तेहतीस वर्षं मी सरकारी भांडारात काढली, त्यातली शेवटची अकरा मुख्य भांडारपाल म्हणून. एक वस्तू, एक नाव, एक जागा. या तीन गोष्टींवर मी जगलो. निवृत्त झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांना चिठ्ठ्या लावल्या. एक डबा रिकामा होता, त्याला 'रिकामा' अशी लावली. हिनं मुद्दाम त्यात साखर भरली. चिठ्ठीवर विश्वास ठेवून मी तीन दिवस बिनसाखरेचा चहा प्यालो, पण विश्वास ढळू दिला नाही.

"नुसतं मोजा," खोलीची किल्ली देताना ही म्हणाली. "आवरू नका."

"मोजायचं म्हणजे आवरावं लागतंच."

"वन्संची जागा आहे ती. त्यांना विचारा आधी."

"विचारतो की. ताई, मी तुझी खोली लावून ठेवू का?"

"बरं," ताई म्हणाली. हे कुठलं 'बरं' होतं ते हिला कळलं असणार, कारण तिनं कपाळाला हात लावला. मी ते होकाराचं समजलो.

खोली मी चाळीस वर्षांत पाच-सहा वेळा पाहिली असेन, तीही दारातून. भिंतीला फळ्या, फळ्यांवर पत्र्याचे डबे, मधोमध शिवणयंत्र आणि त्यावर अर्धवट राहिलेला एक काळपट जांभळा शेला. ताई पडली त्या सकाळी ती तोच शिवत होती. सुई अजून त्यात टोचलेली होती. ती काढून ठेवावी असं वाटलं, पण हात धजला नाही. मी डब्यांकडे वळलो.

डब्यांवर चिठ्ठ्या होत्या हे पाहून ऊर भरून आला. शेवटी बहीण कुणाची! मग चिठ्ठ्या वाचल्या. 'तिसरी रांग.' 'गॅलरी.' 'सासू.' 'सासू (गरीब).' 'खोटा राजा.' 'माफी मागताना.' 'मरायच्या आधी.' बावन्न डबे आणि एकावरही वस्तूचं नाव नाही. 'सासू' उघडला तर आत सोनेरी टिकल्या. 'खोटा राजा'त सोनेरी टिकल्या. 'मरायच्या आधी'मध्येही त्याच सोनेरी टिकल्या, थोड्या मळक्या. बावन्नांपैकी एकतीस डब्यांत अशा सोनेरी टिकल्याच होत्या. मी खुर्चीत बसलो आणि माझ्या मनात एक वाईट विचार आला. आजार पाच महिन्यांपूर्वीचा नाही, फार आधीपासून होता, आणि आपलं कुणाचं लक्ष नव्हतं. मला खरोखर गलबलून आलं. त्या भरात मी ठरवलं की आपण हे सगळं नीट करून द्यायचं. बिचारी परत येईल तेव्हा निदान वस्तूंना आपापली नावं असतील.

आता वस्तूंची नावं म्हणजे काय, हा प्रश्न आला. चमकणाऱ्या वस्तूला मी आयुष्यभर 'चमकणारी वस्तू' म्हणत आलो होतो. हिला विचारलं, तर ती म्हणाली, "टिकली म्हणा नाहीतर चमकी, काय फरक पडतो?" भांडारात असं बोलणाऱ्याची बदली होते. म्हणून मी खालच्या मजल्यावरच्या मास्तरांकडे गेलो. मास्तर भाषा शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे जाड शब्दकोश आहे आणि कुणी विचारत नाही याचं त्यांना दुःख आहे. ते चष्मा पुसत पुसत शब्दकोश घेऊन जिन्यातच आले.

"टिकली म्हणजे लहान गोल चकती. चमकी म्हणजे चमकणारं बारीक काहीही. बेगड म्हणजे रंगीत चकचकीत पातळ पत्रा. आणि त्यावरून?" त्यांनी वर्गात विचारावं तसं विचारलं.

"त्यावरून काय?"

"बेगडी! वरवरचं, खोटं. बघा, भाषेनं या चकाकीवर कधी विश्वासच ठेवला नाही. चकाकतं ते सोनं नसतं. झगमगाट, भपका, चमकोगिरी. एका तरी शब्दात आदर आहे का? तुमच्या भगिनींनी चाळीस वर्षं ज्या मालात काढली त्याला भाषेत इज्जत नाही हो."

हे दुःखाचं होतं, पण माझ्या यादीत बसणारं नव्हतं. तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या काकू उतरल्या. त्या म्हणाल्या की मधोमध भोक असेल ती टिकली, कडेला भोक असेल तो सितारा, आणि भोकच नसेल तर ती चमकी. मास्तर म्हणाले, भोकाचा आणि व्युत्पत्तीचा संबंध नाही. काकू म्हणाल्या, व्युत्पत्ती कपड्यावर शिवायची तर शिवणार कशी, भोक नको? अर्धा तास जिना अडला. शेवटी मी बाजारातल्या लेसवाल्याकडे गेलो. त्यानं माझ्या हातातली टिकली नखानं उलटवली आणि म्हणाला, "हिला आम्ही 'सहा नंबर' म्हणतो."

मग मी काकूंची व्याख्या स्वीकारली, कारण तिच्यात मोजता येण्यासारखं काहीतरी होतं. दोन दिवस खपलो. सोनेरी टिकली एका मोठ्या बरणीत, चंदेरी दुसरीत, सितारे तिसरीत. मणी, खडे, आरसे, जर, लेस, सगळं एकेका बरणीत. बरण्या पारदर्शक, झाकणं एकसारखी. 'सासू', 'सासू (गरीब)', 'खोटा राजा', 'मरायच्या आधी' हे सगळे मी एकाच बरणीत ओतले, तेव्हा मोठा सळसळ आवाज झाला. तो मला फार आवडला होता. हे मी लपवत नाही. रिकामे डबे पोत्यात भरून कोपऱ्यात ठेवले आणि अकरा बरण्यांवर वळणदार अक्षरात चिठ्ठ्या लावल्या.

यादी घेऊन अग्निशमन कार्यालयात गेलो. खिडकी क्रमांक चार. आत माझ्यासारखाच एक माणूस बसला होता, फक्त वीस वर्षांनी लहान.

"चमकी?" तो म्हणाला. "ही वस्तू आमच्या यादीत नाही."

"मग काय आहे?"

"ते तुम्ही सांगायचं. आम्ही बघून सांगू, आहे की नाही."

दुसऱ्या खेपेला मी 'टिकली, धातूसदृश' असं लिहून नेलं. "सदृश म्हणजे धातू आहे की नाही?" तिसऱ्या खेपेला 'नाही' लिहिलं. "मग सदृश कशाला?" माणसाला असं खिडकीबाहेर उभं करून विचारायची ही पद्धत मला ओळखीची होती. तेहतीस वर्षं मी खिडकीच्या आतून नेमकं हेच करत होतो. पेराल तसं उगवतं, एवढंच म्हणतो. चौथ्या खेपेला त्यालाच माझी दया आली. त्यानं एक जुनी फाईल काढली आणि बोट ठेवलं. 'परावर्तक शोभासाहित्य, किरकोळ.' माझ्या अकरा ओळी गेल्या आणि एकच राहिली.

"बरण्यांवरही हेच नाव हवं," तो म्हणाला. "अर्ज आणि चिठ्ठी जुळली पाहिजे. तीन आठवड्यांनी मी स्वतः येतो तपासायला."

म्हणून माझ्या वळणदार चिठ्ठ्या काढून मी अकरा बरण्यांवर 'परावर्तक शोभासाहित्य, किरकोळ' असं लिहिलं आणि पुढे कंसात एक ते अकरा आकडे टाकले. मग ताईला रिक्षातून घेऊन आलो. हीही बरोबर होती. मी दार उघडलं, दिवा लावला आणि बाजूला उभा राहिलो. बक्षीस समारंभात उभे राहतात तसा.

ताईनं फळ्यांकडे पाहिलं. मग दुसऱ्या भिंतीकडे, जणू डबे तिकडे हलवले असावेत. मग माझ्याकडे. काठी टेकत ती पहिल्या बरणीपाशी गेली, डाव्या हातानं झाकण काढायला तिला बराच वेळ लागला, मी पुढे झालो तर तिनं कोपरानं मला ढकललं. बरणीत तिनं मनगटापर्यंत हात घातला आणि टिकल्या बोटांतून सोडत राहिली. पुन्हा घेतल्या, पुन्हा सोडल्या. कितीतरी वेळ.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

ती काही बोलली नाही. 'बरं'सुद्धा नाही.

त्या दिवसापासून तिचं तेही थांबलं. चहा ठेवला की घ्यायची, नाही ठेवला तर मागायची नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. ही माझ्याशी कामापुरतं बोलू लागली. आणि मी? मी रागावलो होतो. चार खेपा मारल्या, दोन दिवस धूळ खाल्ली, आणि एक शब्द नाही! आजारी माणसावर रागावता येत नाही म्हणून मी जेवणावर रागावलो, मास्तरांवर रागावलो, जिन्यातल्या दिव्यावर रागावलो. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "उरलेला शब्दही गेला असेल तर कठीण आहे." मग रागही उरला नाही.

नवव्या दिवशी महाराणी आली. वीस वर्षं एकाच नाटकात राणीचं काम करणारी ही बाई. खरं नाव काही वेगळं असेल, पण तिला सगळे महाराणीच म्हणतात. तो जांभळा शेला तिचाच. ताईपाशी बसली, तिचा गेलेला उजवा हात मांडीवर घेतला आणि मला म्हणाली, "भाऊ, शेला जेवढा झालाय तेवढाच नेते. फक्त 'मरायच्या आधी'चा डबा तेवढा द्या. छातीवरचं माझं मीच शिवीन."

मी तिला बरण्यांबद्दल सांगितलं. थोड्या अभिमानानंच सांगितलं.

महाराणी खाली बसलेलीच होती, नाहीतर बसली असती. "भाऊ," ती म्हणाली, "काय केलंत हो हे?"

"सगळ्या सोनेरी टिकल्याच होत्या."

"हातात घेतल्या तर टिकल्याच असतात. पण हातात घेऊन कोण बघतं? ताई काळ्या कापडावर मूठभर टाकायच्या, रंगमंचावरच्या दिव्याखाली धरायला लावायच्या आणि स्वतः जाऊन बसायच्या. तिसऱ्या रांगेत, मग शेवटच्या, मग वर गॅलरीत. कुठली टिकली कुठून काय सांगते ते बघायला. एखादी जरा खोलगट असते, एखादी चपटी, एखादी जुन्या पोशाखावरून काढलेली, धुऊन धुऊन मऊ झालेली. सासूची टिकली ती उभी असताना गप्प राहिली पाहिजे आणि मान वळवली की चमकली पाहिजे. म्हणजे लोकांना कळतं, ही बघतेय. खोट्या राजाचं सगळंच जरा जास्त चमकतं."

"आणि मरायच्या आधी?" हे हिनं विचारलं.

"शेवटच्या अंकात मी मरते. पडून असते, संवाद नाही. वर गॅलरीत बसलेल्याला माझा चेहरा दिसत नाही. या नव्या शेल्यासाठी ताईंनी तशा टिकल्या सहा वर्षं एकेक करून जमवल्या होत्या. नुसत्या श्वासानं हलतात आणि लुकलुकतात. मी श्वास रोखला की विझतात. वरच्या माणसाला तेवढ्यावरून कळतं, राणी गेली." मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "गॅलरीतून हुंदका ऐकलाय मी, भाऊ. वीस वर्षं. तो माझ्यासाठी नव्हता."

मला लाज वाटली. दुसरा शब्द नाही. चाळीस वर्षांत एकदाही मी विचारलं नव्हतं की ताई, तू नेमकं करतेस काय. तिच्या डब्यांवर नावं होती, माझ्यापेक्षा नेमकी होती, आणि ती वाचून मी तिला वेडी ठरवून मोकळा झालो होतो. मी तिच्या पलंगापाशी गेलो. "ताई," म्हटलं, "मी पुन्हा निवडून देतो." ती भिंतीकडे बघत राहिली. पण दुसऱ्या दिवशी दुपारी मी चपला घातल्या तेव्हा ती काठी घेऊन दारात उभी होती.

मणी, खडे, लेस वगैरेंचे एकवीस डबे तिनं नुसत्या बोटांनी निवडले, चार दिवसांत. जुन्या चिठ्ठ्या तिच्या बोटांत होत्या म्हणा ना. खरा घोळ टिकल्यांचा. नाट्यगृहाचा राखणदार दुपारचा एक तास एक दिवा लावून द्यायला तयार झाला. रंगमंचावर खुर्चीत ताई, समोर काळं कापड, कापड धरायला ही. ताई चिमूटभर टिकल्या ठेवायची आणि काठी माझ्याकडे रोखायची. मी तिसऱ्या रांगेत.

"सोनेरी!" मी ओरडायचो.

काठी नकारार्थी हलायची.

"गोल!"

हिचं हसू रिकाम्या नाट्यगृहात घुमायचं. काठी वर जायची, म्हणजे गॅलरीत जा. गॅलरीला बेचाळीस पायऱ्या आहेत आणि मला दोन गुडघे. वर पोचून धापा टाकत खाली बघायचो तर कापडावर काही दिसायचंच नाही. "काही दिसत नाही!" म्हटलं की ताई ती चिमूट एका डब्यात टाकायची. म्हणजे न दिसणं हेही उत्तर होतं, हे मला तिसऱ्या दिवशी समजलं. मास्तर एकदा शब्दकोश घेऊन आले, पाचव्या रांगेत बसले, 'देदीप्यमान' असं ओरडले आणि काठीचा नकार बघून घरी गेले.

एका दुपारी मी गॅलरीत कठड्याला टेकून उभा होतो, दमलेला. खाली ही कापड धरून श्वास घेत होती, कापड जरासं हलत होतं. मग तिनं श्वास रोखला की काय कोण जाणे. कापडावर काहीतरी होतं ते एकदम नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, कुणीतरी आत्ता उठून गेल्यासारखं वाटलं!"

मग अगदी स्पष्ट, रंगमंचावरून गॅलरीपर्यंत पोचेल असं, "बरं."

सोळा दिवसांनी आलेलं ते 'बरं' ऐकून मी बेचाळीस पायऱ्या कशा उतरलो आठवत नाही. खाली आलो तेव्हा मी रडत होतो आणि ही मला म्हणत होती, नाक पुसा, टिकल्या ओल्या होतील.

पण दिवस संपत आले. तपासणीच्या सकाळी हिशोब असा होता: एकतीसपैकी नऊ डबे, तेही तळाला चार बोटं. 'मरायच्या आधी' फक्त एक मूठ. बाकी सगळ्या टिकल्या एका मोठ्या बरणीत, जशा मी ओतल्या होत्या तशा. त्या आता कुणीच निवडू शकणार नव्हतं. डॉक्टरांनीही त्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं की यापुढे शब्द येतील असं धरून चालू नका. ताईसमोरच सांगितलं. ती "बरं" म्हणाली.

खिडकी क्रमांक चार खोलीत आला. महाराणी शेला घ्यायला आलेली होती, तीही थांबली. त्यानं फळीवरून नजर फिरवली. "हे काय? सासू? अर्जात परावर्तक शोभासाहित्य आहे."

मी त्याच्या हातात पुरवणी यादी दिली. आयुष्यात पहिल्यांदा मी ठरलेल्या नमुन्याबाहेर काहीतरी लिहिलं होतं. 'सासू: मान वळवल्यावर चमकणारे. खोटा राजा: जरा जास्त.' तो वाचत गेला.

"मरायच्या आधी? म्हणजे मुदत संपायच्या आधीचा माल का?"

महाराणी शेला पांघरून फरशीवर आडवी झाली. शेल्यावरचं शेवटचं काम मीच केलं होतं, मूठभर टिकल्या, वाकडेतिकडे टाके, ताईच्या काठीच्या इशाऱ्यावर. छातीवर बारीकसं काही लुकलुकत होतं. मग थांबलं. तो हातातलं पेन तसंच धरून उभा राहिला. तिनं श्वास सोडला तेव्हा त्यानं खाकरून फॉर्मकडे पाहिलं आणि लिहिलं, 'ज्वलनशील: नाही.'

"तीन महिने," तो म्हणाला. "तात्पुरती परवानगी. पुढचं पुढे. पण बिननावाची वस्तू खोलीत चालणार नाही." त्यानं मोठ्या बरणीवर पेन आपटलं. "हिला नाव द्या, नाहीतर उचला."

बिनचिठ्ठीची वस्तू म्हणजे हरवलेली वस्तू, हे वाक्य मी तेहतीस वर्षं लोकांना सुनावलं होतं. या बरणीत माझ्या बहिणीची चाळीस वर्षं होती आणि ती मीच हरवली होती. "उचलतो," मी म्हणालो.

ताईची काठी माझ्या पायावर बसली. तिनं डावा हात पुढे केला, पेनसाठी. आजारापासून तिनं एक अक्षर लिहिलं नव्हतं. चिठ्ठी हिनं धरली. ताईनं लिहायला इतका वेळ घेतला की तो माणूस दोनदा घड्याळाकडे बघून झाला. अक्षरं पहिलीतल्या मुलासारखी, एक वर, एक खाली. 'धाकटा.'

"हे काय साहित्य?" त्यानं विचारलं.

"मी," मी म्हणालो.

"ज्वलनशील?"

"हो," ही म्हणाली. "चटकन पेटतात. उजेड मात्र पडत नाही."

त्यानं काय लिहिलं मला माहीत नाही. तो गेला, महाराणी शेला घेऊन गेली, ही रिक्षा बघायला गेली. बरणी माझ्या हातात होती. सवयीनं मी दाराकडे निघालो. "ताई," म्हटलं, "हे कुठून बघायचं? तिसऱ्या रांगेतून की गॅलरीतून?"

तिनं मान हलवली. नाही. काठीनं शेजारचं स्टूल ओढलं, अगदी आपल्या गुडघ्याला लागेल इतकं जवळ, आणि त्यावर डाव्या हाताची थाप मारली. मी जाऊन बसलो.

"बरं," ती म्हणाली. हे तिसरं होतं. मला ओळखता आलं.